मनमाड, मालगाडीच्या बाजूने

मनमाडला उतरणारा माणूस बहुधा घाईत असतो. कुणाला शिर्डी गाठायची असते, कुणाला नांदेडची गाडी, कुणाला नुसता चहा हवा असतो आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची शिट्टी होते. तुम्हाला आज कुठंच जायचं नाही. प्रवासी फलाटांकडे पाठ करा आणि पादचारी पुलावर, मालगाड्यांचे रूळ दिसतील अशा जागी, कठड्याला टेकून उभे राहा. समोर अंकाई-टंकाई किल्ल्यांची जोडगोळी आहे आणि हडबीची शेंडी ही टेकडी, जिला हल्लीची ट्रेकर मंडळी ‘थम्सअप’ म्हणतात. तिच्यावर एक डोळा असू द्या. आज तुम्हाला सव्वाशे वर्षांत मागेपुढे करायचं आहे, आणि खुणेला म्हणून जागची न हलणारी वस्तू इथे तेवढीच आहे.

पुलाखाली धान्याच्या बंद वाघिणींचा रेक उभा आहे. रेल्वेच्या बोलीत याला बीसीएन म्हणतात. बी म्हणजे बोगीवाली, सी म्हणजे कव्हर्ड, एन म्हणजे एअर ब्रेकची. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर पांढऱ्या रंगात अकरा आकडे असतात. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघतही नाहीत, पण तुम्ही बघा. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची ते, त्यापुढचे दोन ती बांधली गेली ते वर्ष. मग चार आकड्यांचा तिचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा आकडा हा ताळा: आधीच्या दहांत लिहिणाऱ्याने कुठं चूक केली तर ती पकडण्यासाठी. म्हणजे पाचव्या-सहाव्या जागी १२ असेल तर ही २०१२ ची. शेजारची ०९. तिच्या पलीकडची ९४. एकाच गाडीत, एकमेकींना जोडून, वेगवेगळ्या काळातल्या वाघिणी उभ्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघायला रेल्वे तिकीट मागत नाही (फलाट तिकिटाचं तेवढं बघा).

पण हे आकडे तुम्हाला फार मागे नेणार नाहीत. त्यापलीकडे जायचं तर जिना उतरून थेट रुळांत जावं लागेल. आजच्या कायद्याने तो गुन्हा आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यानेही होताच. फक्त १९०३ सालचा हवालदार तुमचं आधार कार्ड मागणार नाही, तेवढी सवलत घ्या आणि उतरा.

जानेवारी १९०३. विजेचे खांब नाहीत, तारा नाहीत, तुम्ही जिच्यावरून उतरलात ती पायरीही नाही. अजून पुरतं उजाडलेलं नाही आणि नाशिक जिल्ह्याच्या या कोपऱ्यातली थंडी तुमच्या आजच्या शर्टाला जुमानत नाही. दगडी कोळशाचा धूर आधी नाकाला लागतो, मग डोळ्यांना. कंदील हातात घेतलेला सांधेवाला तुमच्या अंगावरूनच पुढे जातो. तो वाकून लोखंडी दांडा ओढतो, रूळ कुरकुरत जागेवर बसतो आणि अंधारातून एक बुटकं इंजिन, चिलटाएवढं म्हणावं असं, औरंगाबादकडचा माल घेऊन येतं.

हे इंजिन निजामाच्या राज्यातून आलं आहे. रेल्वेचं नाव लांबलचक: निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. तिचा गोदावरी खोऱ्याचा मार्ग सिकंदराबादेहून परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला येऊन पोचल्याला फार दिवस झालेले नाहीत. आणि तो मीटर गेजचा आहे. जिथे तुम्ही उभे आहात त्या लांबट शेडच्या एका अंगाला या मीटरभर रुंदीचा रूळ येऊन थांबतो. दुसऱ्या अंगाला जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, रूळ आहे, साडेपाच फुटांचा, मुंबईला जाणारा. दोहोंत फरक सव्वादोन फुटांचा. या सव्वादोन फुटांवर मनमाड पुढची नव्वद वर्षं जगणार आहे.

हे सव्वादोन फूट आले कुठून? १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारने काटकसर म्हणून मीटर गेज काढलं. रूळ हलके, इंजिनं लहान, पूल अरुंद, म्हणजे मैलामागचा खर्च कमी. कागदावर हिशेब चोख होता. जिथे दोन रूळ भेटतील तिथे प्रत्येक पोतं उतरवून पुन्हा चढवावं लागेल, ती मजुरी रस्ता बांधण्याच्या खर्चात धरायचं मात्र राहून गेलं. ती मजुरी आता तुमच्यासमोर उजाडते आहे.

शेडमध्ये हमाल उभे राहिलेत. डोक्याला मुंडासं, पाठीवर गोणपाटाची घडी, हातात आकडा. वाघिणीचं दार सरकतं आणि आत कापसाच्या गाठी दिसतात, मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतल्या. एकीला हात लावून बघा. प्रेसमध्ये दाबून दाबून आवळलेला कापूस लागतो कठीण, आणि भोवती लोखंडी पट्ट्या. मुंबईच्या बाजारात दोन गाठींची एक खंडी धरतात, ७८४ रतलांची. म्हणजे ही एक गाठ ३९२ रतलांची, आजच्या हिशेबात पावणेदोनशे किलोंच्या पुढे. एकट्याचं काम नाही. आकडा पट्टीखाली सरकतो, एक जण पुढून ओढतो, दोघं मागून रेटतात, गाठ दाराच्या उंबऱ्यावर अडते, कुणीतरी शिवी घालतं, ती उलथते आणि शेडच्या फरशीवरून घरंगळत जीआयपीच्या दारापाशी जाते. तिथे तेच सगळं उलट्या क्रमाने. मग दुसरी गाठ.

कारकून पेन्सिल कानावर ठेवून मोजतो आहे. त्याची डोकेदुखी निराळी. निजामाच्या लहान वाघिणीतला माल जीआयपीच्या मोठ्या वाघिणीत बरोबर एकास एक बसत नाही. पावती एका वाघिणीची आणि माल दोन वाघिणींत, असं रोज होतं. त्यातून गाठ कमी भरली तर कुणाच्या नावावर मांडायची यावर जालन्यापासून मुंबईपर्यंत पत्रव्यवहार होतो. त्याच्याकडे चहाची विचारणा करायला जाऊ नका. आणि खिशात चुकून हाली शिक्क्याचा रुपया आला असेल तर तो आतच राहू द्या. तो निजामाच्या हद्दीत चालतो, इथे इंग्रजांचा कलदार लागतो. हद्द काही लांब नाही. नगरसूल ओलांडून रोटेगावकडे निघालात की निजामाचं राज्य लागतं आणि तिथे त्यांची जकात, म्हणजे करोडगिरी, तुमची पेटी उघडायला बसलेली असते.

भरलेल्या वाघिणी जोडायचं काम बघून घ्या, मग जाऊ. कापसाच्या वाघिणी इंजिनापासून दूर ठेवतात, कारण धुराड्यातली एक ठिणगी पुरते. शंटिंगचं इंजिन मागून ढकलतं, वाघिणी सुटतात, स्वतःच्या वेगाने रुळावर येतात आणि एक माणूस त्यांच्या बरोबरीने पळत हँडब्रेकचा दांडा दाबत असतो. दुसरा त्याहून अवघड जागी आहे. तो दोन वाघिणींच्या मध्ये, बफरखाली वाकून शिरला आहे. समोरून वाघीण येते आहे. बफर एकमेकांवर आदळतील त्या क्षणाला त्याने जड साखळी उचलून समोरच्या हुकात टाकायची आहे आणि मग फिरकी आवळायची आहे. ठण्ण आवाज होतो. तो बाहेर येतो, हात धोतराला पुसतो आणि पुढच्या जोडाकडे जातो. यार्डातल्या माणसांची बोटं मोजायची सवय लागली तर ती तुम्हाला पुढच्या सत्तर वर्षांत सुटणार नाही.

१२ फेब्रुवारी १९३८. शनिवार. शेंडी जागेवर आहे. शेड वाढली आहे, सिग्नलांचे हात जास्त झालेत, रुळांची गुंतवळ दाट झाली आहे. जीआयपी आता कंपनीची राहिलेली नाही, सरकारने ती १९२५ मध्येच आपल्याकडे घेतली. पण आज यार्डापेक्षा गावात गर्दी आहे. जीआयपीवरच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरते आहे, दोन दिवसांची, आणि अध्यक्ष आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मालगाड्या बघायला आलेल्या माणसाने भाषणाला का जावं? कारण पुलावरून जे दिसत नाही ते तिथे कळतं. बाबासाहेब मांडतात ते यार्डाचंच चित्र आहे: अस्पृश्य कामगार बहुतेक गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पहार घेऊन खडी ठोकायची, रूळ सरळ करायचे, उन्हातान्हात मैलच्या मैल. स्टेशनातल्या साध्या पोर्टरच्या जागेवरही त्याला सहसा घेत नाहीत. कारण? पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरातलीही कामं करायची असतात, आणि सवर्ण मास्तरला त्याचा हात घरात चालत नाही. वर्कशॉपात मेकॅनिकची जागा तर लांबच. म्हणजे ज्या रुळावरून सगळ्या देशाचा माल जातो तो रूळ ज्याने धरून ठेवला, त्यानेच त्या मालाच्या शेडमध्ये कुठवर यायचं हे ठरलेलं आहे. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही त्यांची गाजलेली मांडणी याच मनमाडच्या व्यासपीठावरची. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारण्याची वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. त्यांचं म्हणणं असं की ही वृत्ती कामगारांच्या आपसातही आहे आणि ती असेपर्यंत एकजूट नुसती बोलण्यापुरती.

मंडपातून बाहेर पडलात की यार्डातली माणसं तुम्हाला वेगळी दिसतील. सांधेवाला कोण, शंटर कोण, हमालीत कोण, पहार कुणाच्या हातात: प्रत्येक कामाच्या मागे एक दार आहे आणि ते कुणाला उघडतं कुणाला नाही, हे रेल्वेच्या कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही.

आता मोठी उडी घ्या. मे १९७३.

ऊन असं की रुळाला हात लावून बघायचं धाडस करू नका. मागचा पावसाळा कोरडा गेलेला आहे. बहात्तरचा दुष्काळ म्हणून जो पुढे पन्नास वर्षं घराघरात सांगितला जाणार आहे तो तुमच्यासमोर चालू आहे. यार्डाचं रूपही अजब आहे. मुंबई-भुसावळ मार्गावर विजेच्या तारा आल्यात, साठच्या दशकाच्या अखेरीस. त्या बाजूला विजेचं इंजिन आवाज न करता उभं आहे. मीटर गेजच्या अंगाला मात्र अजून वाफेचं राज्य. काळं वायजी इंजिन पाणी पिऊन फुसफुसतं आहे. मनमाडचं पाणी हा तेव्हाही आणि आताही जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे इंजिनाच्या पिण्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा जरा बोलक्या आहेत.

शेड तीच. काम तेच. फक्त उलटं. १९०३ मध्ये तुम्ही मराठवाड्याचा कापूस मुंबईकडे जाताना पाहिलात, आता धान्य मराठवाड्याकडे जातं आहे. ब्रॉडगेजच्या वाघिणीतून क्विंटलभराची तागाची पोती उतरतात आणि मीटर गेजच्या वाघिणीत चढतात. आत लाल ज्वारी आहे, अमेरिकेची, मिलो. दोन दाणे तळहातावर घ्या. बारीक, तांबूस, आपल्या शाळू-मालदांडीच्या शेजारी ठेवले तर परके वाटणारे. मराठवाड्यात याच्या भाकरी थापताना बायका कुरकुरणार आहेत, आणि तरीही थापणार आहेत, कारण दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावरून परतणाऱ्या माणसाला दुसरं काही नाही.

या शेडमध्ये उभे राहून जरा वेळ नुसतं आकड्याकडे बघा. लोखंडाचा, लाकडी मुठीचा, टोक झिजून चकाकणारा. हमाल तो पोत्याच्या कानाशी खुपसतो, झटक्याने पोतं ओढून दुसऱ्याच्या पाठीवर देतो, आणि आकडा बाहेर येतो तेव्हा तागाला एक भोक पडलेलं असतं. त्यातून दाणे ओघळतात. पाठीवर पोतं घेतलेला माणूस फळीवरून चार-पाच पावलांत पलीकडच्या वाघिणीत जातो, आणि त्याच्या मागे फरशीवर लाल रेघ उमटते. मग दुसरी रेघ, तिसरी. तासाभरात फरशीचा रंग बदलतो. शेडच्या टोकाशी चार बायका खराटा आणि सूप घेऊन बसल्यात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, कुणी हाकलतही नाही. मुकादम पाठ वळवतो तेवढ्यात एक जण येते, खडीतले दाणे पदरात ओढते, सूप हलवते, खडे एकीकडे, ज्वारी एकीकडे. रेल्वेच्या नोंदीत हा माल घट म्हणून दाखवला जाईल. दुष्काळात घट कुणाच्या चुलीपर्यंत पोचते ते तुम्ही आत्ता पाहिलंत.

शेजारच्या रुळावरून ठण ठण ठण येतं आहे. तो टीएक्सआर, गाडी तपासणारा. लांब दांड्याच्या हातोडीने तो प्रत्येक चाकाला टोला देत चालतो. चाक शाबूत असेल तर आवाज घुमतो, तडा असेल तर बद्द येतो. मधेच तो एका वाघिणीशी थांबतो, ॲक्सलच्या पेटीवर हात धरतो, तेल संपून ती तापली आहे का बघायला. तापली असेल तर खडूने खूण आणि वाघीण ‘सिक’. तिची रवानगी सिक लाइनला. पूर्ण गाडी थांबते, मधली वाघीण काढायची तर पुढचा भाग तोडा, मागचा ढकला, पुन्हा जोडा. दोन तास गेले. तेव्हा मालगाडीचा सरासरी वेग काढायचा तर धावणं कमी आणि असं उभं राहणंच जास्त हिशेबात येतं. निरनिराळ्या गावांचे डबे एका गाडीत यायचे, प्रत्येक यार्डात त्यांची फाटाफूट आणि नवी बांधणी व्हायची. त्या उभं राहण्यावरच सांधेवाले, शंटर, कारकून, हमाल, चहावाले आणि खानावळी चालायच्या. माल थांबला की मनमाडचं पोट भरतं, हा त्या वेळचा अर्थव्यवहार.

एक वर्ष पुढे सरका. मे १९७४, तारीख ८ ते २७ यांमधली कुठलीही. आज माल खरोखरच थांबला आहे आणि कुणाचंच पोट भरत नाही. जॉर्ज फर्नांडिसांच्या पुढाकाराने सुरू झालेला देशभरचा रेल्वे संप. आठ तासांचं काम आणि बोनस या मागण्या. सांध्याचा दांडा सोडून माणूस गेलेला आहे. टेरिटोरियल आर्मीकडून गाड्या हलवण्याची खटपट देशभर चालू आहे, धरपकड चालू आहे. हजारोंना नोकरीतून काढलं जाईल, कितीकांना क्वार्टर सोडावी लागतील. तुम्ही इथे जास्त रेंगाळू नका, ओळख विचारली जाईल. संप वीस दिवसांत मोडेल. काढलेल्यांना कामावर परत घ्यायचा निर्णय १९७७ नंतर होईल, रेल्वेमंत्री मधु दंडवते असताना. बोनस त्यानंतर, त्याच दशकाच्या अखेरीस.

आता जिना चढून पुलावर या, कारण पुढचा बदल उंचावरून जास्त नीट दिसतो. ऐंशीच्या दशकात एअर ब्रेकच्या नव्या वाघिणी आल्या. रेल्वेने सुटे डबे घेणं जवळपास बंद केलं: घ्यायची तर पूर्ण गाडी घ्या, एका ठिकाणी भरा, एका ठिकाणी उतरवा. मधल्या यार्डांचं काम गेलं. बफर आणि साखळी जाऊन आपोआप जुळणारा कपलर आला, आणि दोन वाघिणींच्या मध्ये वाकून शिरणारा माणूस वाचला. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण जुन्या यार्डाच्या आठवणी काढणारे लोक ते विसरतात.

मग १९९२ मध्ये जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना प्रोजेक्ट युनिगेज निघालं आणि मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद करायचं काम सुरुवातीच्या यादीत आलं. बघता बघता मीटर गेज उखडलं गेलं. सव्वादोन फुटांचा फरक संपला. पंजाबातून निघालेला गव्हाचा रेक मनमाडला फक्त इंजिन किंवा ड्रायव्हर बदलून सरळ परभणी-नांदेडकडे जाऊ लागला. देशाच्या दृष्टीने यात वाईट काही नव्हतंच. फुटलेली पोती, चोऱ्या, आठवडाभर अडकलेला माल, दोन रेल्वेंमधला पत्रव्यवहार सगळं गेलं. शेडमधली हमाली त्याबरोबर गेली. पाठ वाचली आणि पगारही. मला तरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि त्यातली एकच धरून रडणाऱ्या किंवा टाळ्या वाजवणाऱ्या लेखांचा कंटाळा येतो.

तर पुन्हा आजचा दिवस. पुलावरून आता गाड्या मोजायला सोप्या आहेत, कारण थांबत नाहीत. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणारा कोळसा, उघड्या बॉक्सएन वाघिणींचा: ५८ आणि शेवटी ब्रेक व्हॅन. मोजताना तिसाव्यानंतर चुकायला होतं, म्हणून दहादहाचे गट करा. पानेवाडीच्या तेल डेपोतून भरून निघालेल्या टाक्या, पोटावर ज्वलनशील मालाची खूण. कंटेनरच्या बुटक्या गाड्या. कळंबोलीकडे निघालेली पोलादी कॉइल, इतकी जड की एका वाघिणीवर मोजकीच ठेवतात. कधी पुढे डब्ल्यूएजी-१२ असतं, मधेपुऱ्याला बनलेलं, बारा हजार अश्वशक्तीचं जुळं इंजिन. ते जवळून जातं तेव्हा पूल पायाखाली जाणवतो. ऑगस्ट २०२० मध्ये पहिली किसान रेल जवळच्या देवळालीहून दानापूरला निघाली होती, आणि या पट्ट्यातला कांदाही रेल्वेने जात होता. मागच्या बाजूला बघा: ज्याला आपण गार्ड म्हणत आलो तो २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ आहे. पदनाम वाढलं, ब्रेक व्हॅन मात्र तशीच, पत्र्याची, हादरे देणारी. आणि आता शेवटच्या वाघिणीला यंत्र लावून त्याचीही जागा काढायचे प्रयोग चालू आहेत.

पण आपण सुरुवातीला आकडे वाचले तो धान्याचा रेक मात्र थांबला आहे, कारण मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचं मोठं कोठार आहे. तो साइडिंगला लागेल तेव्हा शक्य झालं तर परवानगी काढून तिकडे जा. बेचाळीस वाघिणी, प्रत्येकीत साठ टनांच्या आसपास धान्य. पन्नास किलोचं पोतं धरलं तर पन्नास हजार पोती एका गाडीत. सगळा प्रवास विजेने, संगणकाने, लाल-हिरव्या दिव्यांनी झाला. दार उघडलं की आत १९०३ सालची गोष्ट. पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून उतरायचं, थप्पीवर टाकायचं. फरक एवढा की आता घड्याळ आहे. ठरलेल्या तासांत रेक रिकामा झाला नाही तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं, म्हणून मुकादमाचा आवाजही चढतो. रेक मध्यरात्री आला तर मध्यरात्री, पावसात आला तर पावसात. गाडीचा वेग वाढला तो वाटेत. टोकाला तिचा सगळा भार माणसाच्या पाठीवर येऊन थांबतो आणि त्याला पूर्वीपेक्षा कमी वेळ मिळतो. पोतं शंभर किलोंवरून पन्नासवर आलं, ही खरी सुधारणा. दुसरी सुधारणा कायद्याची. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीच्या जोरावर महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, हमालाला नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळायची वाट त्याने खुली केली. देशात असा कायदा आधी कुठे नव्हता. तो सैल करायच्या गोष्टी अधूनमधून निघतात तेव्हा निदान एकदा रेक रिकामा होताना पाहून मत बनवावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी दिली आहे: ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. म्हणजे मनमाडला आणखी एक फाटा फुटणार. गावात त्याचा आनंद आहे आणि तो रास्तही आहे. पण हा मार्गही ब्रॉडगेजच असणार आणि त्यावरचा मालही मनमाडला न थांबता जाणार, हे आजच ओळखून असावं. गावाच्या वाट्याला येईल ते इथल्या गोदामांत आणि माल धक्क्यावर उतरेल तेवढंच. म्हणून नव्या मार्गाच्या सत्कार समारंभांत हार घेऊन जाणाऱ्यांनी निवेदनात दोन ओळी जास्त लिहाव्यात: माल धक्क्याला पूर्ण लांबीचं छप्पर, रात्री पुरेसे दिवे, आणि पोती उतरवणाऱ्यांसाठी पिण्याचं पाणी व शौचालय. कोटींच्या आकड्यात हा खर्च दिसणारही नाही.

तुम्ही मात्र परत निघताना रुळांतून वाट काढू नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूल वापरा.